एकशे पासष्ट ग्रॅम

हेमलताबाईंचं नाव आधी घेतो, मग बाकीचं सांगतो. त्या नसत्या तर मी आज साबणवाला नसतो. कुठल्या तरी बंगल्याच्या बांधकामावर लाद्या बसवत असतो, नाहीतर चंद्रपूरकडे आमच्या गावी परत जाऊन आईसमोर मान खाली घालून बसलो असतो. बाईंनी अलिबागच्या एका शाळेत तीसेक वर्षं प्रयोगशाळा सांभाळली. थळ आणि किहीमच्या मधे त्यांची नारळी-पोफळीची वाडी आहे. मी सातवी सोडलेला, परका, तोंडात कायम तंबाखूचा खर्रा. अशा माणसाला त्यांनी साबण शिकवला. त्याबदल्यात मी त्यांना भर बाजारात खोटं पाडलं. ते कसं झालं, ते या अंकाच्या निमित्तानं एकदा नीट लिहून काढतो.

माझा स्वभाव संशयी आहे. तो जन्माचा होता की नंतर झाला, ठाऊक नाही. आम्हा सहा जणांना मुकादमानं बंगल्याच्या कामासाठी इकडे आणलं आणि काम निम्म्यावर असताना एका सकाळी त्याचा फोन बंद झाला. पाच जण गावी परतले. मी राहिलो, कारण घरी मी मोठ्या तोंडानं सांगून निघालो होतो. बंगल्याच्या मालकानं मला राखणीला ठेवलं. तेव्हापासून कुणी गोड बोललं की मी आधी दोन पावलं मागे सरकतो.

बंगल्याच्या कुंपणापलीकडे बाईंची वाडी. एक दिवस मी लाद्यांच्या फटीत पांढरं सिमेंट भरत होतो. बाई कुंपणाशी येऊन बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझे हात दाखव बघू."

ओळख ना पाळख, आणि हात दाखव! मला वाटलं, बाई जादूटोण्यातली आहे. मी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"अरे मेल्या, खात नाही मी हात तुझे. स्थिर आहेत का, तेवढं बघायचंय." असं म्हणून त्यांनी स्वतःचा उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता, वाऱ्यात पान हलावं तसा. "मी साबण करते. या हातानं आता कॉस्टिक ओतवत नाही. येशील का?"

मी हो म्हणालो, पण पहिले दोन महिने रोज विचार करायचो की यात हिचा डाव काय असेल. फुकट कोण कुणाला काय शिकवतं?

ज्यांना हे काम ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साबण म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा. दोन्ही एकमेकांना खाऊन संपवतात आणि उरतो तो साबण. प्रत्येक तेल आपापल्या मापानं कॉस्टिक पितं. खोबरेल सगळ्यांत जास्त पितं, करंज आणि कोकमाचं तेल त्याहून कमी, एरंडेल आणखी कमी. नुसत्या खोबरेलाचा साबण फेसाळ होतो पण कातडी कोरडी करतो, म्हणून त्यात बाकीची तेलं घालायची. कोकमाचं तेल घट्ट असतं, भेगा भरतं. एरंडेलानं फेस टिकतो. सगळं वजनावर, मापाच्या भांड्यावर नाही. कॉस्टिक पाण्यात टाकायचा, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही, नाहीतर उसळून तोंडावर येतं. पाणी आपोआप कढत होतं. ते निवलं की तेलात ओतून घोटत राहायचं. घोटणीची रेघ वर उमटून राहायला लागली की साच्यात ओतायचं. बाईंचे साचे म्हणजे आंब्याच्या जुन्या पेट्या, आतून कागद लावलेल्या. दुसऱ्या दिवशी वड्या पाडायच्या आणि सुपारी वाळवायच्या तट्ट्यावर सहा आठवडे ठेवायच्या.

यातली खरी गोष्ट एकच आहे. तेल जेवढा कॉस्टिक पिऊ शकतं, त्याहून थोडा कमीच द्यायचा. म्हणजे थोडं तेल मागे उरतं आणि कातडी सुखरूप राहते. उलटं झालं, कॉस्टिक उरला, तर तो साबण नव्हे, ते पोळणं आहे.

मुंबईहून येणारी एक बंगलेवाली एकदा म्हणाली, "मला केमिकल अजिबात नको. कॉस्टिक न घालता बनवून द्याल?"

बाईंनी तिला खोबरेलाची बाटली दिली. "हे न्या. कॉस्टिक न घातलेला साबण असाच दिसतो."

ती बाई रागावून गेली. मी मात्र बाईंच्याच बाटलीकडे संशयानं बघत होतो. घाण्यावरून आणलेल्या तेलात भेसळ नाही कशावरून? ते ओळखायलाही बाईंनीच मला शिकवलं होतं, वाटीभर तेल फ्रीजमध्ये ठेवायचं आणि ते एकसारखं गोठतं का बघायचं. हा एक धडा माझ्या स्वभावाला फार मानवला.

तट्ट्यावरून वडी उचलायच्या आधी शेवटची परीक्षा जिभेची. वडीवर ओलं बोट फिरवायचं आणि ते जिभेच्या टोकाला लावायचं. चांगला साबण नुसता साबणासारखा लागतो, वाईट. कॉस्टिक उरलेला असेल तर विजेचा झटका बसावा तसं टोचतं. "सकाळी, चूळ भरून, काही न खाता," असं बाई दर वेळी बजावायच्या. ही परीक्षा त्या स्वतः करायच्या. मला कधी करू दिली नाही. त्याचाही मी अर्थ काढून ठेवलाच होता.

आमची सगळ्यांत पक्की गिऱ्हाईक थळची जनाबाई. अलिबागच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. दिवसभर हात बर्फात, मिठात, माशांच्या काट्यांत. बोटांच्या पेरांना कायम भेगा. आमच्या कोकमतेलाच्या साबणानं तिच्या भेगा भरल्या होत्या आणि तेव्हापासून ती बाईंचं नाव देवासारखं घ्यायची. मला मात्र ती कधी नावानं हाक मारायची नाही. "ओ चंद्रपूर, दात लाल करून कुठं चाललास?" हेच चालू असायचं.

एका वर्षी बाईंच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढायचे ठरले. पुण्याला भाची होती, तिच्याकडे अडीच महिने राहायचं होतं. त्याच वेळी जनाबाईनं स्वतःसाठी आणि शेजारी बसणाऱ्या बायकांसाठी चाळीस वड्या सांगितल्या. बाई म्हणाल्या, "प्रल्हाद करील." जाताना मला एक चिठ्ठी दिली. खोबरेल पाचशे ग्रॅम, करंज दोनशे, कोकम दोनशे, एरंडेल शंभर, पाणी तीनशे ऐंशी, कॉस्टिक एकशे पासष्ट. पडवीत कॉस्टिकचं निळं पिंप होतं. "त्यातलाच घे," एवढंच सांगितलं आणि गाडीत बसल्या.

आता बघा, चिठ्ठीप्रमाणे केलं असतं तर ही गोष्टच झाली नसती.

पण माझ्या हाती नवा मोबाइल आला होता. त्यावर एका साबण शिकवणाऱ्याचा हिंदी व्हिडिओ होता, कुठलं तेल किती कॉस्टिक पितं त्याचा तक्ता दाखवणारा. मी खडूनं पडवीच्या जमिनीवर हिशेब मांडला. तीनदा मांडला. दर वेळी उत्तर दीडशे ग्रॅमच्या आसपास. चिठ्ठीत एकशे पासष्ट.

पंधरा ग्रॅम जास्त कशाला?

म्हणजे हे होतं तर. शिकवल्यासारखं करायचं आणि खरी चावी स्वतःकडे ठेवायची. मी एकट्यानं केलेला साबण बिघडला की लोक म्हणणार, बाईंशिवाय जमत नाही. ज्या बाईनं मला दोन वर्षं दुपारचं जेवण वाढलं तिच्याबद्दल मी हा विचार केला. आणि तो करताना मला आपण फार हुशार आहोत असं वाटत होतं, हे त्याहून वाईट.

मी दीडशे घातले, पिंपातलेच. वड्या मऊ पडल्या. आठवडा झाला तरी बोट दाबलं की रुतायचं आणि हाताला तेल लागायचं. साबण नव्हे, लोण्याचा गोळा.

म्हणजे बाईंचा आकडा बरोबर होता? मग घोळ पिंपात असणार. झाकण उघडून नीट बघितलं तर आतले दाणे ओलसर, एकमेकांना चिकटलेले. झालं. कुणीतरी यात पाणी मारलंय. दुकानदारानं की वाडीत येणाऱ्या गड्यानं, एवढाच प्रश्न. मी त्या दोघांशीही पंधरा दिवस धड बोललो नाही. अलिबागला जाऊन दुसऱ्या दुकानातून कॉस्टिकची सीलबंद पाकिटं आणली. दाणे कोरडे, खडखड वाजणारे. त्यातले मोजून एकशे पासष्ट ग्रॅम, प्रत्येक किलो तेलाला.

वड्या अशा कडक झाल्या की सुरीनं कापताना कोपरे उडाले. पांढऱ्याशुभ्र. वर थोडी पांढरी भुकटी धरली होती, ती मी खाऱ्या हवेच्या माथी मारली. सहा आठवडे भरले. बाई नव्हत्या, म्हणून जिभेची परीक्षा मी केली. ओलं बोट फिरवलं, जिभेला लावलं. काही टोचलं नाही. चाळीस वड्या कागदात गुंडाळून जनाबाईला दिल्या.

आठ दिवसांनी मी बाजारात गेलो तर जनाबाईच्या जागी कुणी नव्हतं. मी वळणार तेवढ्यात ती मागून आली. पाटी नव्हती, हात पदराखाली.

"ओ चंद्रपूर," ती म्हणाली, "ये बघ."

तिनं हात बाहेर काढले. बोटांच्या मधली कातडी सोलली होती. पेरं लालभडक. भेगा पुन्हा उघडल्या होत्या, पहिल्यापेक्षा खोल.

"चार दिस झालं, बर्फात हात घालता येत न्हाय मना. आग आग व्हते. काय घातलंस रं साबनात?"

"साबणानं नाही झालं," मी म्हणालो. "तुम्ही मासळीच्या पाट्या कसल्या पावडरीनं धुता, त्यानं झालं असेल."

"तीस वर्सं पाट्या धुते मी. तुजा साबन आठ दिस." तिनं शेजारच्या बायकांना हाक मारली. आणखी दोघींनी हात दाखवले. त्यांचे एवढे नव्हते, पण लाल होतेच. भोवती माणसं जमली. सगळे माझ्याकडे बघत होते. त्या बघण्यात मला मुकादम पळाल्या दिवशीची सकाळ दिसली. ते सगळे इथलेच आणि मी एकटा बाहेरचा. या बायकांनी आज मला इथून हाकललं तर जायचं कुठे?

तेव्हा मी बोलून गेलो,

"मी कुठं काय केलं? आकडा बाईंनी दिला होता. चुकीचा आकडा दिला. मुद्दाम."

जनाबाई फक्त "बायनं?" एवढंच म्हणाली आणि हात पुन्हा पदराखाली घेतले.

अलिबागच्या बाजारातली गोष्ट पुण्याला पोचायला फार वेळ लागत नाही. चौथ्या दिवशी बाई काळा चष्मा लावून दारात उतरल्या. ठरल्यापेक्षा आधीच. मी माझी पिशवी भरून ठेवली होती. दोन कपडे आणि मोबाइलचा चार्जर. बाईंनी पिशवीकडे बघितलं, पण विचारलं नाही. म्हणाल्या, "जनाबाईला बोलावून आण. आणि एक वडी दे."

जनाबाई पडवीत बसली. बाईंनी चूळ भरली, वडीवर ओलं बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. त्यांचं डोकं मागे गेलं, चष्मा नाकावरून घसरला. उठून त्यांनी तीन वेळा पाणी तोंडात घेऊन थुंकलं.

"तू लावलं होतंस जिभेला?"

"हो."

"काही नाही टोचलं?"

"नाही."

"तोंड उघड."

मी उघडलं. ज्यांना खर्रा ठाऊक नाही त्यांना सांगतो. तंबाखू, सुपारी आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घोटून घोटून करतात. आमच्याकडे सकाळी चहाच्या आधी तो लागतो. इकडे मिळत नाही म्हणून मी स्वतः घोटून घ्यायचो. चुन्यानं जीभ रोज भाजून निघायची. त्या जिभेला कॉस्टिक काय टोचणार?

जनाबाई वाकून बघत होती. "ही जीभ हाय?" ती म्हणाली. "ही तर सुकट हाय."

एवढ्या भीतीतही मला हसू आलं, आणि लगेच रडूही आलं. बाईंनी दोन्हींकडे लक्ष दिलं नाही. "कॉस्टिक कुठला घातलास?"

मी पिंपाचं सांगितलं, पाकिटांचं सांगितलं. व्हिडिओचं सांगितलं, दीडशेचं सांगितलं. बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "एक पाकीट फोड. चमचाभर बशीत काढून कठड्यावर ठेव. आणि चहा टाक."

मी चहा टाकला. पडवीतून समुद्र दिसत नाही, पण हवेत तो असतोच. आम्ही चहा प्यालो. कप खाली ठेवल्यावर बाई म्हणाल्या, "आता बघ."

मी बशीत बघितलं. मघाचे कोरडे खडखडीत दाणे ओले चकचकीत झाले होते. एकमेकांना चिकटले होते, काहींच्या खाली थेंब साचले होते. कुणी पाणी मारलं नव्हतं. बशीला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

"कॉस्टिक हवेतलं पाणी ओढतो," बाई म्हणाल्या. "आपली हवा ही अशी. पिंप रोज उघडलं जातं. त्यातले एकशे पासष्ट ग्रॅम तोलले की पंधरा ग्रॅम पाणीच असतं त्यात. कॉस्टिक उरतो दीडशे. तुझा हिशेब बरोबर होता रे. माझा आकडाही बरोबर होता, पण त्या पिंपापुरता."

पिंपातला ओला कॉस्टिक मी दीडशेच घातला, म्हणून पहिला साबण तेलकट झाला. पाकिटातला कोरडा कॉस्टिक एकशे पासष्ट घातला, म्हणून दुसरा पोळला. दोन्ही वेळा मी संशय घेतला आणि दोन्ही वेळा अर्धंच बरोबर निघालो.

मी काही म्हणायच्या आत बाई जनाबाईकडे वळल्या. "जना, चूक माझी आहे. मी याला आकडा दिला, कारण दिलं नाही. शाळेत पोरांना आयुष्यभर सांगत आले, आकडा पाठ करू नका, तो कुठून आला ते विचारा. आणि याला मात्र वाटलं, सातवी शिकलाय, सांगून काय कळणार." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू माझ्यावर संशय घेतलास ना? मी तुझ्या डोक्यावर घेतला होता. तुझ्या आधीच."

त्यांनी बाजारातलं "मुद्दाम" तोंडातून काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. मी वाट बघत होतो.

ते जनाबाईनं काढलं. "बाय, तुमी गप र्‍हवा. यानं बाजारात तुमचं नाव घेतलं, सगल्यांसमोर. मी ऐकलंय." ती माझ्याकडे वळली. "माजं हात गेलं. आता धंदा कोन करनार? तुजं हात दे."

मला वाटलं, बोलायची रीत असेल. पण दुसऱ्या दिवशी तिनं मला बाजारात तिच्या जागेवर बसवलं. तिचे हात भरून येईपर्यंत तीन आठवडे मी बर्फात हात घालून मासळी उपसली, साफ केली, कापली. ती मागे स्टुलावर बसून हुकूम सोडायची. "अरं, पापलेट हाय तो, लाकूड न्हाय! हलू काप." गिऱ्हाइकं विचारायची, हा कोण? ती सांगायची, "चंद्रपूर. ह्यानं माजं हात जालले, म्हनून ह्याचं हात घेतलेत." पहिल्या दिवसापासून येणाऱ्या प्रत्येकाला मी स्वतःहून सांगितलं की बाईंचा आकडा बरोबर होता, चूक माझी होती. चौथ्या दिवशी जनाबाई म्हणाली, "बास झालं. लोक मासं घ्यायला येतान, कीर्तनाला न्हाय." तिसऱ्या आठवड्यात माझ्याच बोटांना भेगा पडल्या आणि मग मला कळलं की मी कुणाच्या हाताला काय लावलं होतं.

उरलेल्या वड्या बाईंनी फेकू दिल्या नाहीत. किसून, जादा तेल घालून, पुन्हा शिजवून त्याचा भांडी घासायचा साबण केला. मऊ पडलेला पहिला घाणा मी स्वतःच्या अंगाला लावून संपवला. वाईट नव्हता.

खर्रा त्याच महिन्यात सुटला. मनाचा मोठेपणा वगैरे काही नाही. जीभ हवी होती.

आता मी आजूबाजूच्या गावांत बायकांच्या गटांना साबण शिकवतो. संशय गेलेला नाही, जाणारही नाही. तेल आलं की वाटी फ्रीजमध्ये जाते. कॉस्टिक लहान पाकिटातलाच घेतो, एकदा फोडला की संपवतो. उरलाच तर घट्ट झाकणाच्या बरणीत, आणि तोही बशीत ओतून नीट बघितल्याशिवाय वापरत नाही. पण आता मी माणसावर नंतर संशय घेतो, आधी हवेवर. वर्गात प्रत्येक आकड्यापुढे त्याचं कारण लिहायला लावतो. एखादी सहावी-सातवी शिकलेली असेल तर तिला दोनदा लिहायला लावतो. आणि जिभेची परीक्षा असली की आधी सगळ्यांना तोंड उघडायला सांगतो. मिसरी लावणाऱ्या आजीबाई चिडतात. चिडू देत.

बाई आता वाडीतच असतात, फारशा उठत नाहीत. हात पूर्वीपेक्षा जास्त थरथरतात. त्यांचं कसं फेडू, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "तुमच्याकडे मोहाच्या बियांचं तेल काढतात ना? पुस्तकात वाचलंय मी, साबण चांगला होतो म्हणे. कधी बघितला नाही." मी म्हणालो, आईला सांगतो, पार्सल पाठवील. "पार्सल नको," बाई म्हणाल्या. "तू जाऊन आण."

मी किती वर्षांत गावी गेलेलो नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मी काय करतो तेही मी आईला धड सांगितलेलं नाही. साबण करतो म्हटलं तर ती हसेल, असा संशय. ती फोनवर दर वेळी एकच विचारते, "कवा येतेस गा?" आणि मी विषय बदलतो.

मोहाच्या बियांना आमच्याकडे टोळी म्हणतात. उन्हाळा संपता संपता त्या पडतात. आई अजूनही वेचायला जाते. बाई, मी जाईन. आईच्या शेजारी बसून टोळी फोडीन, घाण्यावर उभा राहून तेल काढून घेईन आणि डबा मांडीवर धरून घेऊन येईन. त्या तेलाचा आकडा मी काढून ठेवला आहे, त्यापुढे कारणही लिहिलंय. सहा आठवडे वड्या तुमच्याच तट्ट्यावर वाळतील. मग सकाळी चूळ भरून, काही न खाता, जिभेला आधी मी लावीन. मगच वडी तुमच्या हातात देईन.